नाक घेऊन यशवंतपूरला

बेंगळुरूला मी दरवर्षी नाक घेऊन जातो. बाकीचा देह सोबत येतो, कारण त्याला एकट्याला घरी ठेवता येत नाही. मिरजेत माझं पूजासाहित्याचं दुकान आहे. श्रावणाच्या आधी तिथल्या यशवंतपूर भागात जाऊन, वास घेऊन, वर्षभराच्या उदबत्त्या निवडायच्या, हे काम मी कुणावर सोपवत नाही. केवड्याची उदबत्ती घ्यावी तर यांच्याकडचीच, असं गावात बोललं जातं. निदान मी तसं ऐकलं आहे. कुठे, ते आठवत नाही.

एरवी आम्ही नवराबायको यशवंतपूरला स्टेशनजवळच्या लॉजवर उतरतो. या वेळी मुलगा निखिल एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलेला, म्हणून त्याच्याकडे गेलो. तिथे रस्ते सरळ, झाडं सरळ आणि पाठीवर लॅपटॉप अडकवलेली पोरंही नाकासमोर चाललेली. पावलोपावली खाण्याची दुकानं, त्यामुळे निखिलच्या स्वयंपाकघरात एक कढई आणि कॉफीची बरणी एवढंच होतं. आल्या संध्याकाळी सुलभाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तरीही झणझणीत पिठलं केलं. मी दोनदा मागून खाल्लं. पीठ कुठून आलं ते विचारलं नाही.

सकाळी कळलं. ते माझ्या बॅगेतल्या पुडीतलं होतं आणि ती पुडी अंघोळीची होती.

उदबत्तीवाल्या अण्णांचा नियम कडक आहे. वास घ्यायच्या दिवशी साबण नाही, पावडर नाही, बायकांना गजरासुद्धा नाही. डाळीचं पीठ चोळून अंघोळ करायची आणि थेट यायचं.

"नुसत्या पाण्याने करा," सुलभा म्हणाली. तिने तशीच केली होती.

"काल अख्खा दिवस गाडीत घामाघूम झालोय. अण्णांसमोर असा जाऊ?"

"बाबा, माझं शॉवर जेल घ्या ना," निखिल म्हणाला. "वास लगेच उडून जातो."

नारिंगी बाटली, तिच्यावर कापलेल्या फळांची चित्रं. डोक्याला तेल घेतो तसं मी ओंजळभर घेतलं आणि छातीवर थापलं. तो वास आला नाही, तो अंगावर धावून आला. कुणीतरी मोसंबीच्या साली माझ्या डोळ्यांसमोर धरून पिळतंय असं वाटलं. मग अंग गार पडायला लागलं. पाणी गरम आणि मी गार, असला प्रकार मी कधी अनुभवला नव्हता. धुवावं तितका फेस वाढत होता. मी खांबासारखा उभा राहिलो.

"काय सांडलंत आत?" बाहेरून सुलभा.

"काही नाही."

"मग बैठकीपर्यंत वास कसला येतोय?"

टॅक्सीत बसलो तर ड्रायव्हरने आरशातून आमच्या पिशवीकडे पाहिलं. "निंबेहण्णु?" (लिंबं आहेत का?) मी मान हलवली. सिल्क बोर्डाच्या चौकात गाडी अडकली, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "सार, स्वल्प ग्लास इळिसी." (साहेब, काच जरा खाली करा.) मी केली. शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मराठी घरात जपलंय, पण मधेमधे कन्नड डोकावतंच. त्यांनी मला दारातच थांबवलं. डोळे मिटले. श्वास घेतला.

"तुम्ही आलात की मोसंबीची गाडी आली?"

"उडून जाईल म्हणे, अण्णा."

"सरी (बरं). बसून बघू या स्वल्प."

वास घ्यायची खोली मागच्या बाजूला आहे. खिडक्या बंद, पंखा नाही. एक काडी पेटवायची, वास घ्यायचा, मग स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचा. आपल्या कातड्याच्या ओळखीच्या वासाने नाक ताळ्यावर येतं, मग पुढची काडी. मी पहिली काडी घेतली, कोपर हुंगलं. मोसंबी. दुसरी काडी, कोपर, मोसंबी.

"या दुसरीत मोसंबी छान उतरलीय," मी म्हणालो.

अण्णांनी काडी माझ्या हातातून काढून घेतली. "चंदन आहे हो ते."

मी हादरलो. वर्षाचा माल आजच ठरायला हवा होता, संध्याकाळची परतीची गाडी होती, आणि ज्या नाकाच्या जोरावर मी मिरजेत मिरवतो ते चंदन ओळखत नव्हतं.

"तुम्ही बाहेर ओट्यावर बसा," अण्णा म्हणाले. "खोलीपण नासतेय. अक्का, तुम्ही याल का?"

अक्का म्हणजे सुलभा. दरवर्षी ती आतल्या घरात कॉफी घेत गप्पा मारते. मी ओट्यावर कॉफी आणि कोडबळ्यांची (आपल्या कडबोळ्यांची इकडची बहीण) बशी घेऊन बसलो. खोलीतला वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या, मग पुन्हा लावल्या. काचेतून दिसत होतं, दाराच्या फटीतून ऐकू येत होतं. सुलभाने पदर खोचला, काडी घेतली, कोपर हुंगलं. जन्मभर हेच करत असल्यासारखी.

"ही ठेवा. ही चालेल. ही नको."

मी उठलो. फटीला तोंड लावून म्हणालो, "अगं, तो आपला केवडा आहे."

"माहितीये. रोज सकाळी देवघरात लावता आणि दुपारपर्यंत माझं डोकं धरतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? वास कसा आहे ते तुम्ही सांगता. मी ऐकते."

मी आधारासाठी अण्णांकडे पाहिलं. अण्णा काड्या सरळ करत होते.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "तो केवडा आम्ही तुमच्यापुरताच करतो. दुसरं गिऱ्हाईक नाही त्याला. आमच्या घरातपण कुणी लावू देत नाही."

कोडबळं माझ्या हातात तसंच राहिलं.

सुलभाने मरुगा (आपला मरवा) निवडला. अण्णांनी ती काडी बाहेर आणून माझ्या नाकासमोर धरली. मला मोसंबीशिवाय काही कळलं नाही, तरी मी सवयीने मान डोलावली. मग दोघांचे चेहरे पाहिले आणि मान थांबवली. ऑर्डर तिच्या पसंतीने गेली.

"केवड्याचा एखादा पुडा तरी घेऊ?" मी विचारलं.

"घ्या. दुकानात ठेवा. घरी आणू नका."

परतीच्या गाडीत खोकी सीटखाली सरकवून आम्ही समोरासमोर बसलो. परगावाहून येताना मी नेहमी तिथल्या माणसांविषयी काहीतरी शिकून येतो आणि चार लोकांना ऐकवतो. या वेळी ज्या माणसाविषयी कळलं, ते माझ्याच घरात राहणारं निघालं. ते चार लोकांना कसं ऐकवायचं, याचा मी विचार करत होतो. तुमकूर गेल्यावर धीर करून विचारलं, "घरातलं आणखी काय काय आवडत नाही तुला?"

सुलभाने खिडकीकडची पिशवी बाजूला केली आणि मांडी घालून नीट बसली. "कुठून सुरू करू?"

"जसं आठवेल तसं."

तीन-चार तासांनी दावणगिरी आलं तरी आम्ही अजून स्वयंपाकघरातच होतो.