सासुरवाडीची हवा

आमच्या बाबांच्या मते साऱ्या जगाचा ऑक्सिजन त्यांच्या कलमांतून निघतो. रत्नागिरीजवळच्या कातळात सुरुंग लावून त्यांनी खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूस जगवला. त्यामुळे एवढा तोरा त्यांना शोभतोही. आई आंजर्ल्याची, खलाशाची मुलगी. तिला ते कायम चिडवत आले, "तुझ्या माहेरी काय गो, वाळू नि मीठ. माझ्या कलमांच्या हवेवर जगतेस तू."

स्वतः मात्र तिथं कधी एक रात्र राहिले नाहीत. मुक्काम केला की जावयाची किंमत उतरते म्हणे! पहिल्या गाडीनं जायचं, जेवायचं, की लगेच परतीची एसटी. येताना आई खिडकीतून मागं बघत राहायची. मला लहानपणीसुद्धा बाबांचा राग यायचा.

गेल्या वर्षी थंडीत बाबांना धाप लागायला लागली. त्यांनी इलाज शोधला: खाट थेट कलमाखाली. "ऑक्सिजन कमी पडतोय ना? मग उगमापाशीच बसतो." झालं! शिंका, खोकला, छातीत शिट्टी. डॉक्टर हसायलाच लागले.

"अहो, मोहोर फुललाय, त्याचाच त्रास होतोय तुम्हाला. तो सरेपर्यंत बाग सोडा. समुद्रकाठी कुणी आहे का?"

होतं ना! घरी येऊन बाबा खाटेवर टेकेपर्यंत आईची पिशवी भरून तयार.

आंजर्ल्याच्या भर किनाऱ्यावरच्या त्या घरात बाबा तोंड पाडून शिरले. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला कुठलं राहवतंय? वाळूत बसल्या बसल्या सांगून टाकलं, की जगात तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ निम्मा समुद्रात होतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव तो करतात. आणि जमिनीवर पहिलं झाड उगवलं त्याच्या कितीतरी आधी तसल्याच जिवांनी हवेत ऑक्सिजन भरायला घेतला होता.

"म्हणजे हापूसच्याही आधी?" बाबांनी विचारलं.

"गवताच्याही आधी."

आईनं पदर खोचला. "ऐकलंत? आता बोला, इतकी वर्षं कुणाच्या हवेवर जगलात?"

खरं तर बाबांना उतार पडला तो मोहोर लांब राहिला म्हणून. ऑक्सिजन काय, इथं नि तिथं सारखाच. हे मी आईला सांगून पाहिलं. "तू गप बस," ती म्हणाली. बसले. तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

कैऱ्या धरल्यावर आम्ही घरी परतलो. बाबांनी बागेत फेरी मारली, एकेका कलमाला हात लावला आणि ओटीवर येऊन बसले. मग आईकडे न बघताच म्हणाले, "पुढल्या खेपेला मोहोर यायच्या आधीच जाऊ गो तुझ्याकडे. राहू चांगले."

आई आत गेली आणि चहात दोनदा साखर घातलीन. बाबांनी तो गोडमिट्ट चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.