बाईंच्या पेटीतली हवा

"हात पुढं करा," बाई म्हणायच्या आणि तळहातावर स्पिरिट ओतायच्या. माझ्याच दुकानात, माझ्याच हातावर! गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मी पत्र्याचे कूलर करतो. हात काळे असणारच. पण शाळेतून रिटायर झालेल्या विज्ञानाच्या बाईंशी कोण वाद घालणार? मी घालायचो आणि हरायचो.

खुलताबादला त्यांच्या वडिलांनी लावलेला लाल गराचा पेरू होता. त्या जातीचं शेवटचं झाड. झाडाला मर रोग लागलेला, कलमासाठी गुटी बांधावी तर फांदीच वाळायची. म्हणून बाईंना त्याचा कोवळा शेंडा बाटलीत वाढवायचा होता. त्या कामाला हवा निर्मळ लागते, नाहीतर बुरशी धरते. तशी हवा देणारी पेटी त्यांना माझ्याकडून करून हवी होती.

मी सवयीनं कूलरसारखीच बांधली. पंखा पुढं, फिल्टर मागं. बाईंनी सांध्याशी उदबत्ती धरली. धूर सरळ आत ओढला गेला.

"अहो, हा कूलर झाला, फटीतून धूळ आत ओढतोय. पंखा मागं घ्या. त्यानं हवा फिल्टरमधून पुढं ढकलायची."

"बाई, गार तर दोन्हीकडून लागतंय!"

"रोपाला उकडत नाहीये हो."

पेटी उलटी बांधली आणि बाईंच्या घरी नेऊन ठेवली. तरी एकेक बाटली पांढरी पडायची. गिऱ्हाइकाला मी वाकवतो. बुरशीशी काय घासाघीस करणार?

अखेर एक बाटली हिरवी राहिली. त्याच आठवड्यात बाईंच्या भावानं प्लॉट पाडायला झाड तोडलं. "वाळकं लाकूड होतं ते," म्हणाला. मला आधी कळतं तर मी झाड उभं विकत घेतलं असतं. त्याच्यावरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

उरला तो शेंडा नव्या बाटलीत हलवायचा होता. बाईंनी तो चिमट्यात धरला आणि लाईट गेली. पंखा थांबला. मी पाती हातानं फिरवायला धावलो.

"नका! धूळ उडेल."

"मग काय करू?"

"काही नाही. श्वास हळू घ्या."

तसेच उभे राहिलो. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती, सावकाश पेटीकडं येत होती. दोघांनाही दिसत होती.

काही दिवसांत त्या शेंड्यावरही पांढरी लव आली.

बाई पुढच्या थंडीत गेल्या. पेटी त्यांच्या मुलीनं माझ्याकडं आणून ठेवली. उन्हाळ्यात तो भाऊ घामाघूम होऊन दुकानात आला. पेटीवर थाप मारून म्हणाला, "हा कूलर लई मजबूत दिसतोय. केवढ्याला?"

"विकायचा नाय."

"बोला तरी. तुम्ही म्हणाल तो भाव."

तुम्ही माझं दुकान पाहिलं असेल, तर ठाऊक असेल, मी कुणाचं ऐकून घेत नाही. शिव्या ओठांवर होत्या. पण त्याच्या कपाळाची ठेवण थेट बाईंसारखी होती. मी पेटीवर पोतं टाकलं आणि त्याला पाणी दिलं.