बासिलियाची जीभ

आमच्या डोंगरगावात कोकाच्या पानाबरोबर चघळायची राख बासिलिया चोके बनवते. विड्याला चुना, तशी कोकाला राख. किनोआच्या वाळक्या काड्या जाळायच्या, राख चाळायची, बटाटे उकडलेल्या पाण्यात मळून तिच्या वड्या थापायच्या. राख कमी जहाल झाली तर पान गवतासारखं लागतं, जास्त झाली तर गाल सोलतो. नेमकी जमली की कडू पान गोड होतं. पान गोड झालं म्हणजे डोंगराने होकार दिला.

त्या वर्षी बटाट्याच्या लावणीला धुकं शेतापर्यंत उतरलं होतं. ओझी वाहणाऱ्या लामा जनावरांच्या नुसत्या माना तरंगत होत्या. पहिली फुंकर राख बनवणारीची. बासिलियाने तीन अखंड पानं ओठांशी धरून डोंगराकडे फुंकली. मग सगळे पानं गालात धरून बांधावर गप्प बसून राहिले. अशा वेळी आपण धुक्यात आहोत की धुकं आपल्यात, हे सांगता येत नाही.

तिचा धाकटा दीर निकासियो आधी थुंकला. मग बाकीचेही. डोंगर नको म्हणतोय, त्याने ठरवलं. लावणी पुढच्या पौर्णिमेनंतर. उशिराचा बटाटा गोठवणाऱ्या दवात काळा पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण डोंगराशी वाद कोण घालणार? माणसं पायाने रेटायचे पायनांगर खांद्यावर टाकून उठली.

बासिलिया बसूनच होती. बोलली तर राखेचं काम सुनेकडे जाणार, आणि पहिली फुंकरही.

"डोंगराला मध्ये ओढू नका, भावजी," ती म्हणाली. "माझी जीभ मेलीय. गेल्या पावसापासून मीठसुद्धा कळत नाही. राख अंदाजाने मळली."

"आणि हे आत्ता सांगताय, वहिनी? गाल सोलल्यावर?"

"तुमचा गाल सोलला म्हणून तर आज गावाला जरा शांतता."

बायका हसल्या. सून गाबिनाने बटव्यातून गेल्या सालची वडी काढली, चाखली आणि सगळ्यांत फिरवली. नवी पानं सासूपुढे धरली, तर सासूने तिचाच हात तिच्या ओठांपाशी नेला. गाबिनाने फुंकर घातली.

सगळ्यांनी पुन्हा पानं गालात धरली. बऱ्याच वेळाने निकासियो दुसरीकडे बघत म्हणाला, "गोड आहे."

पायनांगर मातीत रुतले. बासिलियाने बांधावरच पानं गालात धरली. चव आली नाही. हळूहळू गाल बधिर झाला, मग ओठ, आणि ढेकळं उलटल्याचा आवाज धुक्यातून कधी जवळून, कधी फार लांबून येत राहिला.