दहाव्या प्रकरणाचं उत्तर

लतामावशीची कादंबरी बनारसमधल्या चाळीस घरांनी वाचली आहे. त्यांच्याबाहेर कुणीही नाही.

तिचं पूर्ण नाव विद्युल्लता. वय त्रेसष्ट. छत्तीस वर्षं ती पोस्टाच्या खिडकीत बसली. लग्न केलं नाही. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्यांत राहते. रजिस्ट्रीच्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिते. पेन तिला चालत नाही. म्हणते, "पेनानं लिहिलं की ठरल्यासारखं वाटतं."

आमच्या इथल्या मराठी मंडळाचं गणेशोत्सवात हस्तलिखित निघतं. प्रत एकच. दहा दिवस ती मंडपात असते, मग घरोघर फिरते. शेवटची काही पानं वाचकांच्या मतांसाठी मोकळी ठेवलेली असतात. १९९९ साली मावशीनं त्यात एका रहस्यकथेचं पहिलं प्रकरण लिहिलं. पुढच्या वर्षी दुसरं लिहिलं तिच्या मैत्रिणीनं, गीतानं. तिसरं पुन्हा मावशीनं. वर्षाला एक प्रकरण, आळीपाळीनं. नियम दोनच. दुसरीनं लिहिलेला एकही शब्द बदलायचा नाही. आणि पुढे काय होणार, हे एकमेकींना विचारायचं नाही.

गोष्ट रेवती आणि शालू या दोन मैत्रिणींची आहे. शालूचे दीर तिच्या मागावर असतात. घराच्या कागदावर त्यांना तिची सही हवी असते. दहावं प्रकरण गीताचं होतं. पौषातलं धुकं, पहाट. संकठा घाटावरून दोघी रामनगरला जायला निघतात. दीरांना ते आधीच कळलेलं असतं आणि ते तिथल्या काठावर थांबलेले असतात. रेवती नावेच्या पुढच्या टोकाला, नावाडी मागे, मधे बांबूच्या चटईचं छप्पर. नाव कुठेही थांबत नाही. पाण्यात काही पडल्याचा आवाज होत नाही. रामनगरला नाव लागते आणि एकटी रेवती उतरते. छपराखाली कुणी नसतं. नावाडी सांगतो, दोघींना घेऊन निघालो होतो.

त्या वर्षी वाचकांनी तीन पानं भरून मतं लिहिली. एकानं लिहिलं, 'मगरीनं नेली असेल.' त्याच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'आवाज न करता? मगर काय पोस्टातली होती, गुपचूप गहाळ करायला?'

अकरावं प्रकरण मावशीचं होतं. ते कधी आलंच नाही.

मला हे सगळं गेल्या डिसेंबरात कळलं. हिंदी साहित्यात एम. ए. करून मी घरी बसले होते. अक्षर बरं म्हणून हस्तलिखिताचे संपादक ढुंढिराजकाका यांनी मला लेखनिक केलं. काका एक्क्याऐंशी वर्षांचे. म्हणाले, "अवनी, यंदाचं शेवटचं. पुढच्या वर्षीपासून सगळं मोबाइलवर निघणार. आपल्या लताला सांग, अकरावं द्यायचं तर यंदा दे. नाहीतर ती शालू राहिली गंगेतच."

मी निरोप सांगितला. मावशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काकांना म्हणावं, सोळा वर्षं मी काही झोपा काढत नव्हते."

मग उठली आणि पत्र्याची पेटी उघडली. आत फॉर्मांचे गठ्ठे होते. अकराव्या प्रकरणाचे एकवीस मसुदे. प्रत्येकावर शेवटी एकच शब्द, 'नाही'.

मी दोन दिवस ते वाचले. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की लेखकाला शेवट माहीत असतो आणि तो वाचकापासून लपवतो. इथे लेखिका स्वतःच अडकली होती. तेही दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या गाठीत.

"मावशी, नावाड्याला सामील करून टाक ना," मी म्हटलं. "त्यानं लपवली तिला. संपलं."

"गीतानं स्पष्ट लिहिलंय, नावाडी खोटं बोलत नव्हता."

"मग ते वाक्य काढ."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाची तरी पासबुकं जाळायला सांगितली होती.

"ते वाक्य माझं नाही," ती म्हणाली.

जानेवारीत तिनं मला पहाटे साडेपाचला घाटावर बोलावलं. तिची लिहायची रीतच ही आहे. पात्र जे करतं ते आधी स्वतः करून बघायचं. धुकं एवढं होतं की खालची पायरी दिसत नव्हती. तिनं काशीनाथ नावाच्या मल्लाहाला वल्ह्याची नाव घेऊन यायला सांगितलं होतं. मोटर नको म्हणून बजावलं होतं. तो वैतागला होता.

"दीदी, रामनगर तक उलटी धार में? ढाई घंटा लगेगा. टोटो कर लीजिए." टोटो म्हणजे इथली बॅटरीची रिक्षा.

"टोटो में आदमी गायब नहीं होता, काशीनाथ."

"हमरी नाव में भी नहीं होता," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. "ई बिटिया को गायब करना है का?"

मी शालू होते. मावशी पुढे तोंड करून बसली. मी मधे, घोंगडीत. काम सोपं होतं, काशीनाथच्या नकळत नाहीसं व्हायचं. मी आडवी झाले. फळ्यांखाली शिरायला गेले तर गुडघा अडकला. काशीनाथ हसला. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरून जाताना धुक्यात फक्त नारिंगी डाग दिसले. लाकडांचा वास आला. मावशी मागे न वळता दर थोड्या वेळानं विचारत होती, "आहेस?"

"आहे."

दशाश्वमेध मागे पडल्यावर तिनं विचारायचं सोडलं. रामनगरच्या किल्ल्याची भिंत दिसली तेव्हा ती फक्त म्हणाली, "नाही होत." नाव लागली तरी ती उतरली नाही. गीता तिथून दहा मिनिटांवर राहत होती.

"जाऊन विचार ना तिला," मी म्हटलं.

"एकदा विचारलं होतं."

मग तिनं सांगितलं. २००९चा जुलै. ती अडकली होती. न राहवून गीताच्या घरी गेली आणि म्हणाली, गीता, शालू गेली कुठे, सांगून टाक. गीता ताडकन उठली. नियम मोडलास, म्हणाली. दहा वर्षं पाळलेला नियम. असं असेल तर मला नाही लिहायचं. दार लावून घेतलं. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"चूक माझी होती," मावशी म्हणाली. "म्हणून उत्तरही माझं मलाच शोधायला हवं. ते सापडलं की मगच तिच्या दारात जायला तोंड आहे मला."

तेव्हा मला कळलं की तिला प्रकरण कशासाठी हवं होतं.

फेब्रुवारी ते जुलै तिनं आणखी सहा मसुदे लिहिले. सहाही 'नाही'. ऑगस्ट आला. गंगेला पूर आला. घाट पाण्याखाली गेले, नावा बंद झाल्या. चतुर्थीला तीन आठवडे उरले. एका सकाळी मावशी म्हणाली, "काकांना सांग, यंदाही नाही." आवाजात काही नव्हतं. पोस्टाच्या खिडकीतून 'तिकिटं संपली' म्हणावं तसं.

मी काकांकडे गेले नाही. तिला न सांगता पुलावरून रामनगरला गेले.

गीतामावशी देवांचे कपडे शिवते. जन्माष्टमी जवळ आली होती. छोट्याशा दुकानात बाळकृष्णाच्या मूर्तींचे बोटाएवढे झगे, मुकुट, मोरपिसं यांचा ढीग होता. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. मी कोण, कुठली, ते सांगितलं. टाचण्या तशाच ठेवून ती म्हणाली, "लतानं पाठवलं?"

"नाही. तिला माहीत नाही."

"मग कशाला आलीस? लड्डू गोपाळ कितव्या नंबरचा आहे तुमच्याकडे?"

"मला शालूचं उत्तर हवंय."

शिलाई मशीन थांबलं. तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"उत्तर नव्हतंच गं."

"असं कसं?" मी म्हटलं.

"खरंच नव्हतं. लिहिता लिहिता नाव रामनगरला पोचली आणि मला वाटलं, आता शालू नसली तर काय मजा येईल! दिलं लिहून. म्हटलं, लता काढेल मार्ग. ती कुठूनही काढते. आणि मग तीच येऊन मला विचारायला लागली. काय सांगणार होते? चाळीस घरं मला हुशार म्हणत होती." तिनं एक पिवळा झगा उगाच सरळ केला. "नियमाच्या आड लपले. तिला बोल लावला."

"मग नंतर सांगायचं होतंस."

"नंतर म्हणजे कधी? एक वर्ष झालं, दोन झाली. सोळा वर्षांनी कुणाच्या दारात जाऊन 'मला येत नव्हतं' म्हणतात का?"

"मी सांगू तिला?"

तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. "सांग. माझ्याच्यानं नाही होणार. आणि तिला राग आला तर तेही येऊन सांग."

परत येताना टोटोत मी हिशेब करत होते. सोळा वर्षं, सत्तावीस मसुदे. एक बाई दुसरीनं लपवलेलं उत्तर शोधत होती. दुसरीकडे ते नव्हतंच.

मी मावशीला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. ती चिडेल असं वाटलं होतं. रडेल असंही.

"म्हणजे घाबरली होती," ती म्हणाली. "गीता. आणि मी समजत होते, रागावलीये." मग एकदम, "दहावं आण."

जुनं हस्तलिखित मी काकांकडून आधीच आणून ठेवलं होतं. तिनं ते मांडीवर घेतलं. ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली, पोस्टात पत्ते वाचायची तशी. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"अवनी, शालूला कोण बघतं?"

"म्हणजे?"

"आजवर मी हे गीताला सगळं माहीत आहे असं धरून वाचलं. तिला माहीत नव्हतं असं धरून वाच. घाटाच्या पायऱ्या दोघी उतरतात. बरोबर? नावाडी दोर सोडतोय, पाठमोरा. रेवती हाक देते, 'दोनों बैठ गए, खोलो.' नावाडी खोटं बोलत नाही. त्याला जे सांगितलं तेच तो सांगतो. पुढे रेवती अधूनमधून शालूशी बोलते. शालू बोलत नाही. नावाड्याला वाटतं, रुसली असेल. शालू नावेत बसली, असं वाक्य कुठे आहे?"

मी शोधलं. चार पानं. नव्हतं.

"ती चढलीच नाही," मावशी म्हणाली. "पायऱ्यापायऱ्यांनी मणिकर्णिकेकडे गेली. तिथे पहाटेही माणसं असतात आणि कुणी कुणाचं तोंड बघत नाही. इकडे रेवती रिकाम्या छपराशी अडीच तास बोलत राहिली. दीर रामनगरला वाट बघत बसावेत म्हणून. मैत्रिणीला अडीच तास मिळावेत म्हणून."

"पण गीतामावशीला हे माहीत नव्हतं."

"नव्हतं ना. पुढचं माहीत नव्हतं म्हणून तिला शालूला धड नावेत बसवताही आलं नाही. घाबरलेला माणूस असंच लिहितो. आणि चाळीस घरांनी बसवून घेतली. सगळ्यात आधी मी. गीता म्हणते म्हणजे बसलीच असणार."

ती पाच दिवसांत प्रकरण लिहून मोकळी झाली. यंदा शेवटी 'नाही' नव्हतं. मी उतरवायला घेतलं तर तिनं हात धरला.

"आधी तिनं वाचू दे."

जन्माष्टमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी पुलावरून गेलो. मावशीनं इस्त्रीची साडी नेसली होती. दुकानासमोर टोटोतून उतरताना तिनं माझं मनगट घट्ट पकडलं होतं.

गीतामावशीनं मान वर केली.

"केस पिकले की तुझे," गीतामावशी म्हणाली.

"तुझे काय काळे आहेत? मेंदी लावलीस म्हणून?"

मग मावशीनं फॉर्म पुढे केले. गीतामावशीनं चष्मा बदलला आणि उभ्याउभ्याच वाचू लागली. गिऱ्हाइकं येत होती. तिनं हातानंच थांबायला सांगितलं. तिसऱ्या पानावर तिनं स्टूल ओढलं आणि बसली. शेवटचं पान वाचून झाल्यावर ते पुन्हा वाचलं.

"हे मी लिहिलं होतं?" तिनं हळूच विचारलं. "हे सगळं माझ्यात होतं?"

"शब्द तुझाच आहे प्रत्येक. मी एकही बदललेला नाही."

गीतामावशीनं पदरानं डोळे पुसले. मग नाक ओढून म्हणाली, "पण शेवटी रेवती रडते कशाला? माझी रेवती रडत नाही."

"तुझी? पहिलं प्रकरण कुणी लिहिलं?"

"पहिल्यात तरी कुठे रडली होती?"

"तेव्हा तिची मैत्रीण कुठे गेली होती?"

"बरं, राहू दे रडत," गीतामावशी म्हणाली. फॉर्म पुन्हा उघडले. "पण लता, शालू मणिकर्णिकेवरून पुढे गेली कुठे?"

मावशीनं पिशवीतून पेन्सिल आणि कोरे फॉर्म काढले.

"सांग की."

"बारावं कुणाचं आहे?"

"पुढच्या वर्षी हस्तलिखित नाही, ऐकलंय मी."

"मग यंदाच दे. दहा दिवस आहेत. काकांना मी बघते."

"जन्माष्टमी उद्यावर आलीये, बाई! तीस ऑर्डरी पडल्यात."

"परवापासून पडणार नाहीत."

गीतामावशीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून काही मदत मिळणार नाही हे तिला दिसलं असावं. तिनं मावशीच्या हातातली पेन्सिल घेतली. दोन कोरे फॉर्म घेतले.

"पहिली ओळ तेवढी टिपून ठेवते. नाहीतर जाईल डोक्यातून. तू बाहेर हो. बघायचं नाही."

मावशी बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीवर पाठमोरी बसली. मी शेजारी. आतून पेन्सिलीचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. एक माणूस स्कूटरवरून आला. गोपाळासाठी पाच नंबरचा पिवळा पोशाख हवा होता.

"अभी रुकिए, भैया," मावशी म्हणाली. "वो लिख रही हैं."

"क्या लिख रही हैं?"

"हमको क्या मालूम," मावशी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "हमको पूछना मना है."