आठ दिवसांनी कळवतो

घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये बिलाच्या रांगेत माझ्या मुलीने चॉकलेट उचललं. "इम्पल्स बाय," ती म्हणाली. तिच्या इंग्रजीत हा शब्द रोज येतो. बूट इम्पल्सवर घेतले, मेसेज इम्पल्सवर पाठवला. विचार न करता केलेलं आणि मागाहून थोडं चुटपुट लावणारं, ते इम्पल्सवर. मला त्यावरून बाबा आठवतात.

वर्तकनगरच्या आमच्या घरी ताईला बघायला डोंबिवलीची मंडळी आली होती. ताई एका पायाने किंचित लंगडायची. ते आधीच कळवलेलं होतं. पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा वास खोलीभर होता, जुना पंखा कुरकुरत होता. तो बदलावा की नाही, यावर बाबा महिनाभर विचार करत होते.

मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव गं."

ताई उठली.

"बस गं तू," बाबा म्हणाले. "पाहुण्यांना दारापर्यंत मीच चालून दाखवतो." आणि त्यांनी जाऊन दार उघडलं.

मंडळी गेल्यावर आई कडाडली, "अहो, आठ दिवसांनी कळवतो म्हणायचं असतं! तिसरं स्थळ गेलं हे."

"आठ दिवसांनीही हेच म्हणालो असतो," बाबा म्हणाले.

तेव्हा मला बाबांचं धाडस तेवढं दिसलं. आता दिसते ती ताई, उठलेली, पदर सावरून चालायला निघालेली. आधीच्या दोन्ही स्थळांसमोर ती अशीच चालली होती. तेव्हा बाबा खुर्चीत बसून राहिले होते.