बायकोनं गुंडाळलेली कॉइल

गिटारच्या तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची शेवटची कॉइल बायकोनं हातानं गुंडाळली, आणि त्यानंतर ती वारली. केसाहून बारीक तार आत तुटली असेल तर सगळी उकलावी लागेल, या धास्तीनं मी ती तपासलीच नव्हती.

शेवटी ती घेऊन मी जळगावच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं नाव मला ठाऊक नाही. तार तपासायला महागडा मीटर मागितला तर म्हणाला, "कारखाना काढताय का? साधा मल्टीमीटर न्या." पिना शर्टाला पुसून त्यानं कॉइलच्या टोकांना लावल्या. मीटरवर नुसता एक आला. तुटलेल्या तारेला तसाच येतो. मी कॉइल परत घ्यायला हात पुढं केला.

त्यानं बटण एक घर पुढं फिरवलं. सात हजार ओहम आले.

"आबा, तार तुटेल नही शे. मीटरनं माप धाकलं पडनं." तार शाबूत होती; आधी लावलेलं मापच लहान पडलं होतं.

तो पिना काढायला लागला. मी म्हटलं, "राहू दे जरा."

गिऱ्हाईकं खोळंबली, तरी त्यानं धरून ठेवल्या.