सुभेदाराला अडचण नाही

फौजेत मी सिग्नलमध्ये, म्हणजे तारा-वायरलेसच्या खात्यात होतो. त्यामुळे बटण असलेली कुठलीही वस्तू गावात आली की ती आधी मला दाखवायची, असा आमच्याकडे नियम आहे. नियम मीच केलेला आहे. ग्रामपंचायतीचा भोंगा, देवळातला अँप्लिफायर, शाळेचा प्रोजेक्टर, सगळ्यांचे कान मी पिळलेले आहेत. त्यातले काही नंतर चाललेसुद्धा.

तेव्हा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टॅब आला म्हटल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. वडूज रस्त्याला आमचं गाव, मोबाइलला रेंज म्हणजे नशिबाचा भाग. सिस्टरबाई टॅब डोक्यावर धरून व्हरांड्यात फिरत होत्या. मी तो हातात घेतला, चारी दिशांना फिरलो आणि पूर्वेच्या खिडकीपाशी रेंज पकडून दिली. सिस्टरबाईंनी टेबल तिथंच लावलं. शेजारी माझी खुर्ची मी लावली.

टॅबचं काम वेगळंच होतं. रक्तदाब, साखर विचारून झाली की तो घरचं विचारायचा. दोन वेळचं जेवण होतं का, दवाखान्याला यायला वाहन मिळतं का, घरात मदतीला कोण आहे, एकटं वाटतं का. अडचण आहे म्हटलं की पडद्यावरचा चौकोन लाल व्हायचा आणि निरोप आपोआप पुढं जायचा. कुणाला गाडी यायची, कुणाचं रेशनचं काम व्हायचं, कुणाच्या घरी व्यायाम शिकवणारं माणूस यायचं. नुसती गोळी देऊन भागत नाही, ती गिळणारा कसल्या घरात राहतो तेही कळलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. मला तो फार पटला. म्हणजे इतरांसाठी पटला.

कारण माझ्याच घरात टॅब यायच्या थोडं आधी बायकोच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. साताऱ्याहून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हातापायात जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं, तेवढ्यात नीट व्यायाम झाला पाहिजे, नाहीतर मग अंथरूणच. मी 'जी' म्हणालो. व्यायाम म्हणजे आपलाच विषय.

इस्लामपूरहून मुलीचा फोन यायचा, "आबा, मी येऊ का?" मी म्हणायचो, "कशाला? सगळं कंट्रोलमध्ये हाय."

कंट्रोलमध्ये म्हणजे असं. पहाटे शिट्टी. मग चहा. मग पीटी. तिचा डावा हात मनगटाला धरून मी वर ओढायचो आणि मोजायचो, एक, दोन, एक, दोन. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता, उरलेलं रेजिमेंटमधून आणलं होतं. मग आंघोळ, मग वेणी. मी जन्मात कुणाची वेणी घातली नव्हती, पण केबलची बांधणी येत होती, तीच घातली. वेणी अशी बसायची की वादळातसुद्धा लाइन तुटली नसती. आमटीबद्दल न बोललेलं बरं.

पीटी संपली की मी टाचा जुळवून विचारायचो, "कोई तकलीफ?" हे फौजेतलं. साहेब दरबार घ्यायचे, समोर सगळी पलटण बसलेली. साहेब विचारायचे, कोई तकलीफ? आणि सगळे एका आवाजात ओरडायचे, नहीं साब! पायाला फोड असो, बायको बाळंतपणाला अडलेली असो, नहीं साब. तकलीफ सांगितली तर जवान कसला? माझी बायको क्वार्टरमध्ये राहिलेली, तिला हे सगळं पाठ. तीही वाकड्या झालेल्या ओठांनी म्हणायची, "नई साब." आम्ही दोघं हसायचो. मला वाटायचं, काय जोडी आहे आमची!

तिला पहिल्यांदा केंद्रावर नेलं तेव्हा सिस्टरबाईंनी टॅब पुढं घेतला आणि तिला विचारलं, "मावशी, घरात कामाला, उठाय-बसायला कुणाची मदत लागती का?" तिनं तोंड उघडेपर्यंत मी म्हणालो, "नाही." दवाखान्याला जायला अडचण? "नाही." वडूजला व्यायामाच्या डॉक्टरांकडं जायला गाडी पाहिजे? "नाही, व्यायाम घरी चालू आहे." चौकोन एकामागून एक हिरवे होत गेले. मी बायकोकडं बघितलं. पास झाल्यासारखं वाटलं मला.

त्यानंतरही खुर्ची मी सोडली नाही. रांगेतल्या माणसांना मी आधीच समजावून सांगायचो, "मोठ्यानं बोला, हो की नाही तेवढंच सांगा, मशीनचा वेळ खाऊ नका." लोकही शहाणे, पटापट उत्तरं द्यायचे. न्हाई. न्हाई. न्हाई. शेजारचा शिवणकाम करणारा चाचा माझ्याकडं एकदा बघून घ्यायचा आणि म्हणायचा, न्हाई. गाव इतकं सुखी आहे हे मलाही माहीत नव्हतं.

तालुक्याहून सिस्टरबाईंना फोन आला. तुमच्या गावात एकाही माणसाला एकही अडचण नाही, मशीन बिघडलं आहे का बघा. सिस्टरबाईंनी अर्थातच मला बोलावलं. मी टॅब बंद करून चालू केला. पडदा पुसला. रेंज तपासली. लालचं बटण दाबून बघितलं, तर लाल होत होतं. बॅटरीवर संशय घेऊन झाला. शेवटी चष्मा काढून मी निकाल दिला, "मशीनमध्ये दोष नाही."

सिस्टरबाई आटपाडीकडच्या. बोलणं कोरडं, पण खोटं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खुर्चीकडं बघितलं, मग म्हणाल्या, "सुभेदार मामा, राग नगा धरू. तुमी हितं बसल्यावर घरात दाणा न्हाई म्हनून कोन सांगंल वं?"

खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आत नेली. मी उभाच होतो.

पुढच्या वेळी बायकोला घेऊन गेलो तर मला उंबऱ्यावरच थांबवलं. "परश्न मावशीस्नी हायती. तुमी भाईर थांबा." मी म्हणालो, तिला बोलायला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "लागू द्या की. माझी काय एसटी चुकती का?"

मी बाहेर गेलो आणि पूर्वेच्या खिडकीखाली उभा राहिलो. रेंज तिथं चांगली होती. आतला शब्दन् शब्द येत होता.

"मावशी, घरात काय अडचण हाय का?"

मी दोनदा खिडकीकडं तोंड केलं. माझ्या जिभेवर 'नाही' वळवळत होतं.

"हाय," ती म्हणाली.

"काय अडचण हाय?"

"ह्यास्नी... येत न्हाई."

"काय येत न्हाई?"

"काईच."

सिस्टरबाई हसल्या. माझ्या मिशा थरथरल्या. मग बायको थांबत थांबत, एकेक शब्द गोळा करत बोलायला लागली. खांदा दुखतो. पहाटे हात ओढला की जीव जातो. रात्री त्या कुशीला वळता येत नाही. सिस्टरबाईंनी विचारलं, मग मामांना सांगितलं का नाही?

"रोज इच्यारत्यात की," ती म्हणाली. "तकलीफ हाय का म्हनून. हाय म्हनलं तर... इतकं करत्यात वो... वाईट वाटंल त्यास्नी."

मी भिंतीला टेकलो. व्हरांड्यात माणसं होती, त्यांच्यासमोर डोळे पुसायची चोरी, म्हणून वर पाण्याच्या टाकीकडं बघत राहिलो, टाकीत काही बिघाड असल्यासारखा. रोज पहाटे मी तिचा हात ओढत होतो आणि ती मला नहीं साब म्हणत होती. आणि ते म्हणायला मीच तिला शिकवलं होतं.

आत गेलो तेव्हा आमचा पडदा खालपासून वरपर्यंत लाल होता.

निरोप पुढं गेला. दोन दिवस मध्ये गेले असतील, फिजिओथेरपीवाल्या बाई घरी आल्या. बायकोचा खांदा बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हात कोण ओढत होतं?" मी हात वर केला. त्या म्हणाल्या, खांदा सांध्यातून उतरायला आला होता, अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर हात कायमचा गेला असता. मग त्यांनी मला शिकवलं. हात ओढायचा नाही, कोपराखाली आधार द्यायचा, ती करेल तेवढंच करू द्यायचं, आणि मोजायचं तर हळू आवाजात. इस्लामपूरहून मुलगी येऊन राहिली. वेणीचं खातं माझ्याकडून काढून घेण्यात आलं.

खिडकीजवळ आता खुर्ची नाही. चाचा परवा म्हणाला, "सुबेदार, तवा तुमी बसला व्हता, मग कसं सांगायचं? आता सांगितलं, तर माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं बगा." मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

गेल्या आठवड्यात मुलगी परत गेली. पहाटे शिट्टी न वाजवता मी चहा केला, शिकवल्याप्रमाणे व्यायाम झाला, आणि सवयीनं विचारून गेलो, "कोई तकलीफ?"

"हाय, साब," ती म्हणाली. बोलणं आता पुष्कळ सुटलंय. "च्या पांचट. कालची आमटी खारट. आन ती शिट्टी हिरीत टाका." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "आन तुमास्नी?"

पलटणीत कुणी कधी एकेकट्याला असं विचारलं नव्हतं. टाचा आपोआप जुळल्या, नहीं साब ओठापर्यंत आलं. तिथंच अडकलं.

"हाय," मी म्हणालो. "लय हाय. तू पडलीस तवापासनं मला भ्या वाटतंय."

"मग सांगायचं न्हाई व्हय?" ती म्हणाली, आणि डावा हात गादीवर टेकून, आपली आपण बाजूला सरकून, तिनं मला बसायला जागा केली.